खोली नंबर चार

फेब्रुवारीत फोन वाजतो,
मी हातमोजे काढेपर्यंत थांबतो,
पुन्हा वाजतो.
लोकांना उन्हाळा आठवतो तो फेब्रुवारीतच.
'देवमासे बघायला कधी यावं?'
मी खिडकीतून बघते. सेंट लॉरेन्स
पांढरी, तुकड्यातुकड्यांची,
कुणी रागानं ताटांचा ढीग आपटावा तशी.

उत्तर मला पाठ आहे.
मे संपता संपता कॅपलिन मासे अंडी घालायला काठावर येतात,
लाटेबरोबर रेतीवर लोळतात.
शेजारची रोलांद बादली घेऊन धावते
आणि तिच्यापाठोपाठ, बादलीशिवाय, मिंक देवमासे.
जुलैत सगळेच येतात: देवमासे, माणसं, डास.
ऑगस्टमध्ये टेकडीवर ब्लूबेरी पिकते
आणि नदीत निळा येतो, सगळ्यात मोठा.
दोन्ही एकाच सुमारास,
पण खात्री मी फक्त ब्लूबेरीची देते.
सप्टेंबर उत्तम.
हवा धुतलेली, बोटी रिकाम्या,
फवारा दोन कोसांवरून दिसतो
आणि खोल्या स्वस्त.

ओनेझिम स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर
दिसलेल्या प्रत्येक देवमाशाची रेघ ओढायचा.
तो गेल्यावर मी ती एकोणीस कॅलेंडरं काढून बसले,
म्हटलं, एकदाचा बरोबर महिना सापडेल.
सगळ्यात जास्त रेघा रविवारी.
देवमाशांना रविवार कळतो असं नाही,
ओनेझिमला सुट्टी रविवारी असायची.

'आणि धुकं पडलं तर पैसे परत?'
असंही विचारतात.
नाही, पैसे परत नाहीत.
एकदा जुलैत, धुक्यात, मी चादरी वाळत घालत होते
(धुक्यात कोण चादरी वाळत घालतं? मी. गिऱ्हाइकं होती),
चादरीपलीकडची नदी पुसलेली,
आणि अगदी जवळ कुणीतरी श्वास सोडला.
मग घेतला.
मग कुजक्या कोबीसारखा वास आला.
बराच काळ घरात एकट्यानं राहिलं
की दुसऱ्याचा श्वास लगेच ओळखू येतो.
पण हे फोनवर कसं सांगायचं?
मी म्हणते, सप्टेंबर.

या मंगळवारी शेरब्रुकहून एकाचा फोन आला.
'सप्टेंबर,' मी म्हटलं.
तो गप्प. त्याच्यामागे कसलंसं यंत्र
ठरावीक अंतरानं सुस्कारत होतं.
'सप्टेंबर लांब आहे,' तो म्हणाला.
ऑगस्ट, मी म्हटलं. मग जुलै. मग जून.
उलटा लिलाव चालावा
तशी एकेक महिना उतरत गेले,
आणि तो प्रत्येकाला नम्रपणे नाही म्हणत गेला.
'मार्च?' शेवटी त्यानंच विचारलं.

मार्चमध्ये मोटेल बंद असतं, महाशय.
नळाला पाणी नसतं.
मार्चमध्ये असलेच तर बेलुगा,
तेही बर्फाच्या फटीत, पांढऱ्यात पांढरे.
अर्धा दिवस दुर्बीण लावून बसाल
आणि म्हणाल, बर्फच होता.
'ओडेटला बर्फ चालेल,' तो म्हणाला,
आणि खोलीचं भाडं विचारलं.
मला मार्चचं भाडं माहीत नव्हतं.
कुणी कधी विचारलंच नव्हतं.

रोलांदचा मुलगा आज गॅसची बत्ती घेऊन आला,
चार नंबरचे पाइप वितळवतोय, शिव्या घालतोय.
मी पलंग खिडकीशी ओढला,
चादर घातली, आणि मग सुचलं म्हणून
बुटांसकट त्यावर आडवी झाले.
नदी दिसेना.
नुसतं आभाळ, आणि टपाल कचेरीचा झेंडा.

सरपणाच्या ढिगातून चार ओंडके आणले,
सारख्या उंचीचे शोधताना बोटं बधिरली,
पलंगाच्या पायांखाली एकेक सरकवला.
पुन्हा आडवी झाले.
आता दिसते.

तशीच पडून राहिले थोडा वेळ.
पलीकडे, पाण्याच्या काळ्या फटीत,
काहीतरी हललं.
बर्फ असेल.